चिरका पोंगा

कुकर, शेगडी, मिक्सर. सामानाची पेटी मांगं,
म्होरं हँडलले तारेनं बांधेल पोंगा.
बारा वर्सं दर्यापूर ते येवदा, येवदा ते दर्यापूर,
त्याच्यातून मी बोललो का मलेच वाटे
कोनी पत्र्यावर खिया घासते.

औंदा ठरवलं. बजेट चौदाशे.
त्यातले तीनशे बायकोले न सांगता.

मुस्ताक मिस्त्रीनं बजेट आयकलं,
चष्मा कपाळावर सारला, म्हने,
"चौदाशेत आवाज येते भाऊ, गानं येत नाई."
आन लगेच मांडी घालून बसला बी.

भंगारातल्या व्हॅनच्या दारातले दोन स्पीकर, चारशे.
एकाचा कागद उंदरानं कुरतडेल,
त्याले फेविकॉल आन चहा गाळाचं फडकं.
अ‍ॅम्प्लीचा बोर्ड साडेतीनशे, बिल नाई,
ग्यारंटी दुकानाच्या पायरीलोक.
फ्यूज त्यानं तसाच देल्ला.

खोकं माह्या घरच्या कॅरमचं.
पोट्टे आता फोनातच खेळतात,
म्हून रानीचं लाल गोल मधात ठेवलं
आन दोन्ही अंगाले करवत फिरवली.
कोपऱ्याच्या भोकातून वायर काहाडले,
जथून सोंगट्या जात.
थरथर नोको म्हून खाली सायकलची ट्यूब.

"उघड्यावर स्पीकर नुसता बोंबलते," मुस्ताक म्हने,
"त्याले घर पाह्यजे."

गाडी चालू केली त स्पीकरात मच्छर!
रेस देल्ली का मोठा होये,
सोडली का लहान.
दोन दिवस वायर उलटे, वायर सुलटे,
बॅटरीले हात लावून लावून बोटं आंबट.
शेवटी त्यानं चेसीचा रंग खरवडला
आन एक काया वायर नटाखाली दाबला.
मच्छर मेला.
इंजन चालू असून इतकं गप
मी कधी आयकलं नव्हतं.

भाचा प्रज्वल अमरावतीले शिकते.
त्यानं नवीन रेकॉर्डिंग करून देल्लं,
"नमस्कार. आपल्या सेवेत, आपल्या दारी..."
शब्द कसा, धुतलेल्या काचेवानी.

सकाळी नऊले गावात शिरलो.
एक गल्ली. दुसरी गल्ली.
दारं लागत गेले.
आतून एक म्हातारी म्हने, घरी कोनी नाई.

तीन दिवसात एक शेगडी नाई.
चवथ्या दिवशी नमाबाई सपकाळ,
जिच्या कुकरची शिट्टी म्या सात डाव बदलली,
ओट्यावर उभी राहून हासाले लागली.
"तुमी होय! आमाले वाटलं हप्तेवाले,
नाईत मत मांगनारे.
इतकं साफ बोलनारा मानूस
कायतरी न्यायलेच येते.
तुमचा पोंगा चिरकला का
मी हातची भाकर टाकून कुकर काहाडो."

मी चूप.
चौदाशे रुपये चूप.

आता असं हाय.
मुस्ताककडून एक बटन बसवून घेतलं, वीस रुपये.
गावाची शीव आली का इकडे फिरवतो,
पोंगा चिरकते, कुऽऽकर, शेगऽऽडी,
बाया झाकनं वाजवत येतात.
गाव सरलं का तिकडे.

संध्याकाई पूर्नेच्या पुलावरून येतानी
कॅरमचं खोकं एकट्या माह्यासाठी वाजते.
गान्याच्या खाली डग्गा असते,
हे मले पंचेचाळिसाव्या वर्षी समजलं.
मुस्ताकले हे सांगत नाई,
आनखी दोनशे मांगन.

परवा बायको मांगं बसली.
जरा येळानं खोक्याले गुडघा टेकवून म्हने,
"आहो, हे माह्या हाडात वाजते."
मंग थोडा आवाज वाढवाले लावला.

तीनशेचं अजून सांगतलं नाई.